गोदामाच्या भिंतीलगतचा लसूण

चाकणच्या ज्या कंपनीत मी प्रेस मशीनवर काम करायचे, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर माझा उजवा हात मशीनखाली आला. तर्जनी मुळापासून गेली, मधलं बोट अर्धं उरलं. अंगठा आणि शेवटची दोन बोटं वाचली. टाके निघाले, जखम भरली आणि पुष्कळ दिवसांनी मी स्वयंपाकाला उभी राहिले. त्या दिवशी वरणाला फोडणी देताना कळलं, की आपल्याला लसूण सोलता येत नाही.

कणीक डाव्या हाताने मळता येत होती. कांदा कसाबसा चिरता येत होता. पण लसणाची पाकळी धरायला अंगठा आणि तर्जनी लागते. ती सुळकन निसटायची आणि ओट्याखाली जायची. वाकून उचलायला गेलं की पुन्हा निसटायची. शेवटी सालासकट ठेचली आणि फोडणीत टाकली. जेवताना नवऱ्याच्या दातात साल अडकलं. त्याने ते काढून ताटाच्या कडेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना त्याने प्लॅस्टिकच्या डबीत सोललेला लसूण आणला.

"आता सोलायची कटकटच नको," तो म्हणाला.

डबी उघडली तर आंबूस वास आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गुपचूप ती फ्रीजमध्ये ठेवून दिली. तिला पुन्हा हात लावला नाही. तिच्यातल्या पाकळ्या पिवळ्या पडल्या, मग चिकट झाल्या, मग मी त्या टाकून दिल्या.

चिंचवडच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, जेमतेम माझ्या भाचीच्या वयाची. ती मला रबराचा चेंडू दाबायला लावायची. मला त्या चेंडूचा मनापासून कंटाळा होता. एकदा तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ताई, आता तुमची चिमूट अंगठ्याची आणि करंगळीशेजारच्या बोटाची. ती तुम्हाला नव्याने शिकायचीय. चेंडूनेच शिकावं असं कुठे आहे? तुम्हाला आवडतं असं काहीतरी काम काढा, ज्यात चिमूट लागते."

परतताना बसमध्ये मी तोच विचार करत होते. चिमटीचं काम कुठलं? शिवण मला कधी आवडलं नाही. रांगोळी बोट नसताना नको वाटली. मग एकदम लसणाची लागण आठवली. औशाकडच्या आमच्या गावी दिवाळीनंतर आई लसणाचे वाफे करायची आणि आम्हा पोरींना ओळीत बसवायची. एकेक पाकळी चिमटीत धरायची, शेंडा वर ठेवून मातीत खोचायची, वीतभरसुद्धा पुढे सरकत नाही तोवर पुढची पाकळी. कंबर भरून यायची. अख्खा वाफा नुसत्या चिमटीने भरायचा. दुसरं कुठलंही काम मला असं माहीत नाही.

घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. लसूण लावायचा, आणि उजव्या हाताने लावायचा.

आम्ही निघोज्यात भाड्याने राहतो. आमच्या घरमालकीणबाई गावच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची बरीचशी जमीन फार पूर्वीच कारखान्यांच्या वसाहतीत गेली. उरलेल्या जागेवर मुलांनी भाडेकरूंसाठी खोल्यांची रांग बांधली आणि मागे एक गोदाम उभारून ते भाड्याने दिलं. गोदामाची भिंत आणि आमच्या धुणं धुवायच्या जागेच्या मधोमध जमिनीची एक लांबट पट्टी नुसतीच पडून होती. बांधकामाचा राडारोडा तिथेच टाकलेला. त्यात घाणेरीची झुडपं आणि फुटक्या फरश्या.

मी मालकीणबाईंना मावशी म्हणते. त्या सकाळी दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. मी जागेचं विचारलं तर त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"लसूण? त्या राड्यात?"

"साफ करते मी."

"साफ करशील गं. पर खाली निस्ता मुरूम हाय. लसनाला भुसभुशीत माती लागती. न्हाई यायचा."

"नाही आला तर नाही आला, मावशी. पण लावणार मी."

त्यांनी कारखान्यांच्या दिशेने पाहिलं. "आमी केलाय लसूण, वरल्या वावरात. आता तिथं कंपनी हाय. तवापासून मी मातीला हात लावला न्हाई बघ." मग म्हणाल्या, "लाव. बोरचं पानी मातुर जपून वापर, बाकीच्या बिऱ्हाडांची बोंब व्हायला नको."

नवरा कंपनीच्या कामगारांची बस चालवतो, तळेगाव ते चाकण. पहिल्या शिफ्टची माणसं सोडून आला की त्याला दुपार मोकळी असायची. दसऱ्यापर्यंत आम्ही दोघांनी राडारोडा उपसला. फावडं तो चालवायचा. फरशांचे तुकडे, खिळे, तारा वेचून घमेल्यात टाकायचं काम माझं. सुरुवातीला मी डाव्या हाताने वेचायचे, मग मुद्दाम उजव्याने. अर्ध्या बोटाच्या टोकाला काही लागलं की खांद्यापर्यंत सणक जायची. आळंदी रस्त्यावर एका गोठ्यातून त्याने कुजलेल्या शेणखताची पोती आणली, ओढ्याकडची काळी माती आणली. मावशी खुर्ची उचलून मागच्या दारी येऊन बसायला लागल्या. हात लावायच्या नाहीत, पण तोंड चालू.

"अजून बारीक कर ढेकळं. वाफा सपाट ठिव, पानी एका अंगाला पळाया नको."

आता प्रश्न बियाण्याचा होता. लसणाला बी नसतं, पाकळी हेच त्याचं बी. त्यामुळे जसा गड्डा हातात घ्याल तसंच पीक येणार. आमच्या घरात यावरून तीन मतं झाली.

नवऱ्याने चाकणच्या बाजारातून मोठे, पांढरेशुभ्र गड्डे आणले. एकेक पाकळी अंगठ्याएवढी. "हा लाव. धरायला सोपा, सोलायलाही सोपा," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला ते झोंबलं.

मावशींनी तो गड्डा हातात फिरवून पाहिला. "ह्यो थंडीच्या मुलखातला. आपल्याकडं निस्ती पात देतो, खाली काय धरत न्हाई. माझ्या भनीची सून खेडला राहती. ती जांभळा लसूण करती. तिकडं सगळी त्योच लावत्यात. त्यो माग."

आणि माझ्या मनात आईकडचा गावरान होता. गड्डा लिंबाएवढा, साल गुलाबीसर, पाकळ्या बारीक आणि एकीला एक घट्ट चिकटलेल्या. सोलताना नखं दुखतात. पण एक पाकळी ठेचली तर अख्ख्या घराला कळतं की आज चटणी आहे. मी आईला फोन केला.

"काय करलालीस गं? त्या हातानं लागण?" आई म्हणाली.

"तू पाठवतेस का नाही?"

"पाठवते की. पण त्यो बारीक असतो, लेकी. तुला धरवतंय का?"

"म्हणूनच पाहिजे."

चार दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून तिने एक पिशवी पाठवली. आत पातीसकट बांधलेल्या लसणाच्या जुड्या आणि शेंगदाण्याची चटणी. पिशवी उघडली तशी खोली भरून वास सुटला. नवराही हसला. "हा बारका आहे, पण बोलतो भारी."

मी तिन्ही लावायचे ठरवले. एका टोकाला नवऱ्याचा पांढरा थोडासा, मधे खेडहून आलेला जांभळा, आणि बाकीची सगळी जागा गावरानला. नवऱ्याने विचारलं, सगळ्यात जास्त तोच कशाला? मी म्हटलं, त्यातच माझा हात आहे.

लागणीच्या आधी गड्डे फोडावे लागतात. पाकळ्या सुट्या करायच्या, पण साल निघू द्यायचं नाही. साल फाटलं की पाकळी मातीत कुजते. बाहेरच्या जाड पाकळ्या लागणीला, आतल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकाला. पुढ्यात सूप घेऊन मी दुपारभर बसले. पांढरा सहज फुटला. जांभळ्यालाही फार त्रास नव्हता. गावरान काही दाद देईना. अंगठ्याने गड्ड्याच्या बुडाशी जोर लावला की तो तळहातातून उडून जायचा. मावशी बघत होत्या.

"डाव्या हातानं फोड की."

"डावा शिकलेला आहे, मावशी. ह्याला शिकवायचंय."

"लई हट्टी हायेस," त्या म्हणाल्या. पण त्यांनी पायाशी घरंगळलेला गड्डा उचलून माझ्या डाव्या नाही, उजव्या हातात दिला.

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले आणि सकाळी गारवा जाणवायला लागला तेव्हा मी लागण सुरू केली. नवऱ्याने दोरी धरून काडीने रेघा मारून दिल्या. पांढरा आणि जांभळा लावून झाला. मग गावरान. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट. ही दोन्ही बोटं समोरासमोर यायला तयारच नसायची. मधलं अर्धं बोट आडवं यायचं. पाकळी उचलली तर शेंडा खाली, फिरवायला गेलं की पडली. मातीत नीट उभी राहिली म्हणेपर्यंत हात काढताना तिला धक्का लागायचा आणि ती आडवी व्हायची. आणि नसलेली तर्जनी मधेच खाजायची. कुठे खाजवणार?

एक ओळ पुरी व्हायला इतका वेळ लागला, की नवरा मागे उभा राहून अस्वस्थ झाला.

"दे, मी पटापट लावतो. अंधार पडेल."

"नको."

"अगं, उगाच काय जीव काढतेस? लसूण आला म्हणजे झालं ना?"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही. "अहो, तुम्ही लावलात तर लसूण येईल. माझा हात येणार नाही."

तो गेला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळाने चहा घेऊन आला आणि वाफ्याच्या कडेला बसला. त्यानंतर त्याने कधी मदत करू का, असं विचारलं नाही. मी सांगेन तेवढंच करायचा.

गावरान लावायला मला पुढचे कितीतरी दिवस लागले. रोज थोडं. पहिल्या ओळी वाकड्यातिकड्या आहेत. शेवटी शेवटी ओळ सरळ यायला लागली. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मी मावशींशी बोलत बोलत लावतेय आणि हाताकडे बघतसुद्धा नाहीये.

उगवण मात्र छान झाली. पांढरा सगळ्यांत आधी, जाड कोंब काढून वर आला. जांभळा मागोमाग. गावरानने वेळ घेतला, मग सुईसारखी हिरवी टोकं दिसायला लागली. काही पाकळ्या उलट्या पडल्या होत्या, त्यांचे कोंब मातीत वळसा घालून आले, पण आले. धुणं धुवायला येणाऱ्या बायका थांबून बघायच्या. मी त्यांना पात खुडू देत नव्हते. "आधी खाली भरू द्या," म्हणायचे. पांढऱ्याची पात मात्र दिली, कारण मावशींच्या बोलण्यावर तोवर माझा विश्वास बसला होता.

संक्रांतीच्या आसपास अवेळी पाऊस आला. दिवसभर धो धो पडला. गोदामाच्या पत्र्यावरचं सगळं पाणी भिंतीवरून थेट पट्टीत, आणि धुण्याच्या जागेचं तुंबलेलं साबणाचं पाणी दुसऱ्या बाजूने. पाऊस उघडल्यावर मागचं दार उघडलं तर गावरानचा वाफा तळ्यासारखा झालेला. नवरा बसवर होता. मी खुरपं घेतलं आणि भिंतीच्या कडेने चर खणायला बसले. खुरप्याची मूठ चिखलाने निसरडी, हाताची पकड सुटायची. मी ते ओढणीने मनगटाला बांधून खणत राहिले.

मागे पाण्यात पावलं वाजली. मावशी पदर खोचून उतरल्या होत्या. त्यांनी फावडं घेतलं नाही, नुसत्या हातांनी चिखल ओढायला लागल्या. हातांना कसली ती सवय! मी नुसती बघत राहिले.

"बघतीस काय? त्या अंगानं फोड. पानी उताराला लाव."

आम्ही दोघींनी मिळून चर फोडला. पाणी गटाराकडे पळालं. मावशी कोपरापर्यंत बरबटलेल्या. त्या तशाच पायरीवर बसल्या, दोन्ही हात पुढे धरून. मी पाणी आणलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे जरा येळ." मग मीही शेजारी बसले.

पावसानंतर धुकं पडलं. पातीची टोकं जळाल्यासारखी वाळली. गावरानची बरीच रोपं पिवळी पडून गेली. उपटून बघितली तर खाली पाकळी मऊ झालेली. मी गेलेली रोपं काढून टाकली, राहिलेल्यांच्या बुडाची माती मोकळी केली आणि जमीन वाळेपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही.

त्याच दिवसांत कंपनीतून बोलावणं आलं. ऑफिसात साहेब चांगलं बोलले. खुर्ची दिली, चहा मागवला. "ताई, तुम्ही आता आराम करा. प्रेसवर तुम्हाला पाठवता येणार नाही. आणि दुसरं हलकं काम म्हणजे तपासणीचं टेबल, पण तिथे बारीक पार्ट हाताळायचे असतात. ते तुम्हाला कसं जमणार?"

मी घरून निघतानाच ठरवून आले होते. म्हटलं, "साहेब, पार्ट मागवा."

ते हसले, पण मागवले. एका ट्रेमध्ये छोटे वॉशर आणि क्लिपा आल्या. मी उजवा हात टेबलावर ठेवला. तोवर कंपनीतल्या कुणालाही मी तो दाखवला नव्हता, ओढणीखाली ठेवायचे. दोन बोटांच्या चिमटीने एक क्लिप उचलली, फिरवून दोन्ही बाजू बघितल्या आणि शेजारच्या ट्रेमध्ये ठेवली. मग दुसरी. एकही पडली नाही. एका क्लिपेच्या कडेला चरा होता. ती मी वेगळी काढली. साहेबांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"कुठे शिकलात हे?"

"लसूण लावून," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही आणि मीही समजावलं नाही.

आधी तात्पुरतं म्हणून घेतलं त्यांनी. मला तेवढं पुरे होतं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसोबत बसून उजव्या हाताने जेवले. शेजारची एक जण बघून न बघितल्यासारखं करत होती. मी तिच्यापुढे हात धरला, "बघ की नीट." तिने बघितला, मग आपल्या डब्यातली भाजी वाढली.

होळीनंतर ऊन तापलं, लसणाच्या माना मऊ पडल्या, पात पिवळी झाली. रविवारी काढणी केली, मावशीही येऊन बसल्या. आधी पांढरा उपटला. मावशींचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं, खाली नुसता कांद्यासारखा गोल, एकही पाकळी नाही. नवऱ्याने तो हातात घेऊन बघितला. "घ्या, ह्याला सोलायचीसुद्धा गरज नाही," म्हणाला आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो. जांभळा मात्र झकास. गड्डे भरदार, सालावर जांभळी छटा, राड्यातल्या जागेत आलाय यावर विश्वास बसू नये असा.

गावरान निम्म्याहून कमी उरला होता. आला तोही बारीक, काही गड्डे तर सुपारीएवढे. मी पाट्यावर चार पाकळ्या ठेचल्या, मीठ आणि लाल तिखट घातलं. तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडची माती नवी हाय त्याला. दोन-तीन सालं रुळू दे." गड्डे पातीसकट जुड्या बांधून आम्ही जिन्याखाली सावलीत टांगले. सोलायला मला अजूनही वेळ लागतो. घाई असली की जांभळा घेते, सवड असली की गावरान.

पुढच्या लागणीचं बोलणं त्याच दिवशी निघालं. नवरा म्हणाला, सगळा जांभळाच लावू, भरवशाचा आहे. त्याचं गणित बरोबर होतं. मी म्हटलं, जांभळा निम्म्यात लावू. पण निम्म्यात गावरानच, आणि बियाणं ह्याच वाफ्यातलं. जो पाऊस सोसून इथे उरला, तो पुढच्या वर्षी जास्त चांगला उरेल. मोठ्यात मोठे गड्डे मी खायला दिले नाहीत, वेगळे काढले.

मावशी ऐकत होत्या. त्यांनी खोल्यांच्या पलीकडे पाहिलं. तिथे एका भाडेकरूचा टेम्पो उभा असतो.

"त्या टेम्पोवाल्याला म्या सांगते, गाडी रस्त्याला लाव म्हनून. तिथली जागा माझी. म्या बी लावनार."

"काय लावणार, मावशी?"

"तुझ्या आयचा त्यो बारका दे मला थोडा. आन् पयल्यांदा ती जागा नीट खनून घेऊ. तिथं खाली मुरूम न्हाई, आमचं जुनं खळं हुतं तिथं. माती चांगली हाय."

टेम्पोवाला दोन आठवडे कुरकुरत राहिला. मावशींनी सकाळची खुर्ची त्याच्या टेम्पोसमोर नेऊन टाकली आणि तिथेच बसायला लागल्या. आता तो रस्त्यावर गाडी लावतो, आणि आम्ही पावसाळ्याआधी जमीन खणायला घेतली आहे.